साथ ओसरली तेव्हा केळापूर

२६ मार्च २०२० रोजी देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांवरची टोलवसुली थांबवण्यात आली. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावरचा केळापूरचा नाकाही त्यात होता. २० एप्रिलला वसुली पुन्हा सुरू झाली. म्हणजे टाळेबंदीत केळापूर तालुक्यात सर्वांत आधी जे पूर्ववत झालं, त्यात टोल होता. त्याच एप्रिलमध्ये तालुक्यातल्या कास्तकारांच्या घरात कापूस पडून होता, आश्रमशाळांतली मुलं आपापल्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, परतली होती, आणि गावांकडे जाणारी एसटी उभी होती. ही सगळी दारं कोणत्या क्रमाने उघडली आणि कोणती अर्धवटच उघडली, हाच या तालुक्याचा साथीनंतरचा इतिहास आहे.

तालुका केळापूरचा, पण कचेऱ्या, बाजार समिती, उपजिल्हा रुग्णालय आणि एसटीचं आगार पांढरकवड्यात. केळापूरची ओळख जगदंबेची. नवरात्रात यवतमाळ, वणी, चंद्रपूरकडून आणि पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातूनही माणसं दर्शनाला येतात. पांढरकवड्याच्या एका अंगाला टिपेश्वरचं अभयारण्य, दुसऱ्या अंगाला कोलामांचे पोड विखुरलेले, आणि मधून हा चौपदरी रस्ता. रस्त्यावरून देश जातो. आडवाटेला तालुका राहतो. साथीच्या काळात या दोन गोष्टींमधलं अंतर जितकं उघडं पडलं, तितकं एरवी कधी पडलं नसतं.

यवतमाळ जिल्ह्याला करोनाची झळ फार लवकर लागली. पुण्यात ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण सापडले, ते दुबईहून परतलेल्या एका पर्यटक गटातले होते. त्याच गटातल्या यवतमाळकरांचे अहवाल मार्चच्या मध्याला बाधित आले. मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्रात तेव्हा बहुतेक जिल्ह्यांची पाटी कोरी होती. १३ मार्चला राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला.

मग महामार्गावर माणसं दिसू लागली. हैदराबाद आणि परिसरात बांधकामावर, वीटभट्ट्यांवर, मिरचीच्या शेतांत राबणारे मजूर उत्तरेकडे निघाले होते. कुणी पायी, कुणी सायकलवर, कुणी ट्रकच्या हौद्यात. आदिलाबाद ओलांडलं की पैनगंगा, मग पाटणबोरी, मग केळापूर, पांढरकवडा, करंजी आणि पुढे वडनेर, हिंगणघाट, नागपूर. उन्हाळा विदर्भाचा. दुपारी डांबरावर पाय ठेवणं मुश्कील. महामार्गालगतच्या गावांनी पाणी दिलं, जेवण दिलं, चपला दिल्या. राज्याने दहा रुपयांची शिवभोजन थाळी पाच रुपयांना केली, ती याच दिवसांत. मजुरांसाठी पहिली श्रमिक रेल्वे १ मे रोजी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाकडे सुटली. देश बंद झाल्यानंतर सदतीस दिवसांनी. तोवर या रस्त्याने जे चालायचे ते चालून गेले होते. १९ मे रोजी सोलापूरहून मजुरांना नागपूरच्या रेल्वेपर्यंत पोहोचवायला निघालेली बस आपल्याच जिल्ह्यात आर्णीजवळ ट्रकवर आदळली आणि चौघांचा जीव गेला. घरी पोहोचवायची व्यवस्था अखेर झाली, ती अशी झाली.

ही दृश्यं देशाने पाहिली, कारण ती महामार्गावर होती. त्यावर बोललं गेलं, न्यायालयात याचिका झाल्या, पुस्तकं आली. महामार्गापासून चार-पाच किलोमीटर आत जे चाललं होतं, त्याला तितके डोळे लाभले नाहीत.

आत कापूस होता. २०१९ च्या हंगामात पाऊस लांबला होता, वेचणी उशिरापर्यंत चालली होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५५५० रुपये. भारतीय कापूस महामंडळ आणि राज्याचा पणन महासंघ यांची खरेदी मार्चमध्ये ठप्प झाली, तेव्हा अनेक घरांत माल तसाच होता. एप्रिलच्या उत्तरार्धात केंद्रं पुन्हा सुरू झाली, पण दिवसाला मोजक्याच गाड्या घ्यायच्या, आधी बाजार समितीत नोंदणी, मग फोनची वाट, आणि मालही ठरावीक प्रतीचाच. जिनिंगमध्ये काम करणारे परप्रांतीय मजूर गावी गेलेले, सरकी आणि गाठी उचलल्या जात नव्हत्या, म्हणून जागाही नव्हती. खासगी व्यापारी घ्यायला तयार होता, पण हमीभावाच्या कितीतरी खाली. ज्याला पैशाची निकड, त्याने त्याला दिला. ज्याला थांबता आलं, तो जूनपर्यंत थांबला.

थांबणं म्हणजे काय, हे कापूस साठवलेल्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. दोन खोल्यांच्या घरात एक खोली छतापर्यंत भरलेली. उन्हाळ्यात त्यातून बारीक किडे निघतात, अंगाला खाज सुटते, लेकरांच्या अंगावर पुरळ उठतं. आगीची भीती वेगळीच. आणि जून उजाडला की बियाणं घ्यायला पैसे हवेत. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत ज्यांची नावं होती, त्यांचं आधार प्रमाणीकरण टाळेबंदीने रखडलेलं, म्हणून बँक नवं पीककर्ज देईना. मग कृषी केंद्राची उधारी आणि सावकार. शहरात टाळेबंदीचं संकट म्हणजे घरात कोंडलं जाणं. इथे पेरणीच्या तोंडावर कर्जाचं एक पूर्ण चक्र नव्याने फिरलं. साथीचा इतिहास लिहिताना रुग्णांचे आलेख पुढे ठेवले जातात. केळापूरसाठी मला कापसाच्या चुकाऱ्यांच्या तारखा तितक्याच महत्त्वाच्या वाटतात.

२०२१ उजाडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, गेलं एकदाचं. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. पण फेब्रुवारीत देशाच्या इतर भागांच्या आधी अमरावती, अकोला आणि यवतमाळमध्ये रुग्ण वाढू लागले. १८ फेब्रुवारीच्या सुमारास यवतमाळवर पुन्हा निर्बंध आले, आणि विषाणूच्या बदललेल्या रूपाची चर्चा विदर्भाच्या नावाने देशभर झाली. पुढे ज्याला डेल्टा म्हणून जगाने ओळखलं, त्या लाटेचा पहिला वारा वऱ्हाडात लागला होता.

आरोग्ययंत्रणा तोवर थकलेली होती. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस जिल्ह्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रशासनाकडून मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ सामूहिक राजीनामे दिले होते. ३१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी इथे बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, कर्मचारी निलंबित झाले. एप्रिलमध्ये वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात माणसं दगावली. या दोन घटनांची बातमी विचित्र म्हणून देशभर फिरली. पहिलीत मला विचित्र काही दिसत नाही. एका वर्षात तेच ते कर्मचारी सर्वेक्षण करतात, विलगीकरण सांभाळतात, लस टोचतात आणि पोलिओचा दिवसही निभावतात, तेव्हा एका बाटलीच्या जागी दुसरी बाटली येते. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा सेविका संपावर गेल्या, कारण ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत घरोघर फिरणाऱ्या या बायकांना मोबदला नाममात्र होता.

पोडांवर लस पोहोचवणं आणखी वेगळं काम होतं. कोलाम ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. त्यांची बोली कोलामी, मराठीहून पूर्ण वेगळ्या कुळातली. लस घेतली की माणूस मरतो ही अफवा मोबाइलवर एका दिवसात पोहोचली. तिचं उत्तर द्यायला मात्र ओळखीचा माणूस चालत जावा लागला. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पोडाचे जुनेजाणते यांनी समोर बसून बोलल्यावरच बाह्या वर झाल्या. ऑक्टोबरमध्ये राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ काढलं, नोव्हेंबरपासून केंद्राचं ‘हर घर दस्तक’ आलं. नावं मोठी होती. काम त्याच दहा-वीस पायांनी केलं.

पैनगंगेच्या पुलावरचं चित्र त्याच काळातलं. पिंपळखुटीचा सीमा तपासणी नाका एरवी ट्रकवाल्यांचा. साथीत तो माणसांचाही झाला. १२ मे २०२१ पासून तेलंगणात टाळेबंदी लागली, ती १९ जूनपर्यंत टिकली. सीमेवरच्या गावांतल्या माणसांची सोयरीक, बाजार, दवाखाना आदिलाबादला. जेमतेम काही किलोमीटरवरचं गाव एकाएकी दुसऱ्या राज्यातलं ठरलं. मोठ्या शहरातल्या माणसाला राज्याची सीमा नकाशात दिसते. पाटणबोरीच्या माणसाला ती त्या वर्षी अडवून विचारपूस करणाऱ्या पोलिसाच्या रूपात भेटली.

७ ऑक्टोबर २०२१, घटस्थापना. राज्यातली देवळं त्या दिवशी पुन्हा उघडली. केळापूरच्या जगदंबेच्या दारात दोन वर्षांनी नवरात्राची गर्दी परतणार होती. हार-नारळवाले, खेळणीवाले, चहाचे ठेले यांचं वर्षाचं गणित या नऊ दिवसांवर असतं, आणि २०२० चं नवरात्र बंद दारांआड गेलं होतं. तोंडावर पट्टी आणि मनात धाकधूक असली तरी माणसं आली. पांढरकवड्याच्या बाजारपेठेला साथ ओसरत असल्याची पहिली खरी खूण इथे दिसली असं मी म्हणेन.

ती खूण तीन आठवडेही टिकली नाही. ऑक्टोबर संपता संपता एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. एसटी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची मागणी होती आणि मागे थकलेले पगार, कर्ज, आत्महत्या होत्या. पांढरकवडा आगाराच्या गाड्याही थांबल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२२ रोजी कामगारांना कामावर परतायला सांगितलं, तोवर साडेपाच महिने गेले. शहरांच्या आठवणीत हा संप वाटाघाटींचा आणि निलंबनांचा आहे. केळापूरसारख्या तालुक्यात तो शाळेचा आणि दवाखान्याचा होता. ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरला सुरू झाले होते. वीस किलोमीटरवरून पांढरकवड्याच्या शाळा-कॉलेजात येणाऱ्या मुलींचा पास एसटीचा. ती नाही म्हणजे काळीपिवळीचं भाडं, आणि पेट्रोल-डिझेलने शंभरी गाठलेली, म्हणून ते भाडंही वाढलेलं. घरात पैसे एकाच मुलाच्या प्रवासापुरते असतील तर कोण जातं, हे सांगायची गरज नाही. कर्मचाऱ्यांची मागणी खरी होती, आणि संपाची सर्वांत मोठी किंमत ज्यांनी मोजली त्यांचा त्या वाटाघाटीत आवाज नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ग्रामीण शाळा डिसेंबरात उघडल्या, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ पासून परत सुरू झाल्या. मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेलं लेकरू शाळेत परतलं तेव्हा तिसरीत होतं. ऑनलाइन शिक्षणाची चर्चा नेटवर्क असलेल्या गावांपुरती होती. टेकाडावर चढून फोन धरावा तिथे तिचा उपयोग नव्हता. २०२२ च्या ‘असर’ पाहणीने देशपातळीवर हे मोजलं: तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. त्या जुलैत राज्याने शाळाबाह्य मुलं शोधायला ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ काढलं. आश्रमशाळा कोलाम आणि गोंड मुलांसाठी वर्गापेक्षा मोठी गोष्ट असते. तिथे दोन वेळचं जेवण असतं, आजारपणात बघणारं कुणी असतं. त्या बंद झाल्या तेव्हा पोडावरच्या घराला एक तोंड वाढलं आणि दोन हातही वाढले. हात एकदा कामाला लागले की पुस्तकाकडे परतणं अवघड होतं. कापूस वेचायला गेलेली मुलगी आणि लग्न लावून दिलेली मुलगी, दोघी हजेरीपटावर सारख्याच गैरहजर दिसतात.

१ एप्रिल २०२२ पासून राज्याने साथीचे सगळे निर्बंध उठवले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. कागदावर साथ संपली ती इथे.

योगायोग असा की त्याच्या काहीच दिवस आधी, मार्च २०२२ मध्ये यवतमाळ जिल्हा परिषदेची आणि केळापूर पंचायत समितीची मुदत संपली होती. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात, प्रभागरचनेचे घोळ, आणि राज्यात सत्ताबदल. निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांकडे आला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायचा आदेश दिला. नगर परिषदांचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झालं, तरी जिल्हा परिषदेची निवडणूक वर्ष संपेपर्यंत झाली नव्हती. साथीतून वर येताना रस्ता, शाळाखोली, उपकेंद्रातली रिकामी जागा, नळयोजना या गोष्टींसाठी ज्याच्या दारात जाऊन भांडायचं, तो निवडून दिलेला माणूसच जागेवर नव्हता. प्रशासक चांगला असेल, वाईट असेल, पण तो मत मागायला येत नाही. साथीनंतरच्या सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत गंभीर वाटतो, कारण बाकीचे प्रश्न सोडवायची जागाच त्याने बंद केली.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं काय झालं? आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांसाठी राज्याने जून २०२१ मध्ये पाच लाखांची मुदतठेव जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रत्येक करोना मृत्यूमागे पन्नास हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान ठरलं. एकट्या पडलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने आवाज उठवला आणि ‘मिशन वात्सल्य’ सुरू झालं. पण अनुदानाला करोनाचा अहवाल किंवा डॉक्टरांचा दाखला लागायचा. ज्याची चाचणी झालीच नाही आणि जो घरीच गेला, त्याच्या मागे राहिलेल्या बाईकडे मृत्यूचा दाखला असतो, पण त्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. शेतकरी नवऱ्याच्या नावचा सातबारा, त्यावरचं कर्ज आणि वारसाची नोंद, हे तिच्या वाट्याचं साथीनंतरचं काम.

२०२२ च्या सुरुवातीला एक गोष्ट चांगली झाली. कापसाने दहा हजारांचा भाव ओलांडला. हमीभाव ६०२५ असताना बाजार इतका वर जाणं इथे कुणी पाहिलं नव्हतं. ज्यांच्याकडे माल उरला होता, त्यांनी उधारी फेडली, घराला पत्रे टाकले, मोटरसायकली आल्या. पण बरेच जण तोवर विकून बसले होते. पुढच्या हंगामात लोकांनी त्या भावाची आठवण धरून कापूस रोखला. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टीने जिल्ह्यातली पिकं झोडपली होती, उत्पादन घटलं होतं, म्हणून भाव चढेल असं वाटलं. तो चढला नाही, उलट उतरत गेला. २०२३ च्या उन्हाळ्यात कापूस पुन्हा घरात होता, या वेळी आशेमुळे.

आणि चुलीचा प्रश्न. मे २०२२ मध्ये घरगुती सिलिंडर हजाराच्या पुढे गेला आणि उज्ज्वलाच्या शेगड्या कोपऱ्यात गेल्या. केंद्राचं माणशी पाच किलो मोफत धान्य एप्रिल २०२० पासून सुरू होतं. जानेवारी २०२३ पासून ते अन्न सुरक्षा कायद्यात सामावलं गेलं आणि पुढे पाच वर्षांसाठी वाढलं. त्याने उपासमार टळली, हे मान्य केलं पाहिजे. मात्र याच काळात यवतमाळसह विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांचं स्वस्त धान्य थांबलं. २०१५ पासून त्यांना दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळत होता. २०२२ मध्ये पुरवठा बंद झाला आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला दीडशे रुपये खात्यात द्यायचं ठरलं. दीडशे रुपयांत बाजारातून पाच किलो धान्य येत नव्हतं. देशाला फुकट धान्याची बातमी दिसली. ज्या शेतकऱ्याच्या नावाने चौदा जिल्ह्यांची यादी झाली होती, त्याचं धान्य गेल्याची बातमी जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर राहिली.

या मुलखाने साथ पहिल्यांदा पाहिली असं नाही. १९१८ च्या पावसाळ्यात पाऊस रुसला, धान्य महागलं आणि सप्टेंबरपासून इन्फ्लुएन्झा आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. १९११ आणि १९२१ या दोन जनगणनांत वऱ्हाडची लोकसंख्या साडेतीस लाखांच्या आसपास जेमतेम हलली, आणि देशाची तर घटली. त्यानंतर तशी घट आजवरच्या कोणत्याही जनगणनेत झालेली नाही. त्या काळच्या सरकारी अहवालांत हजारी मृत्युदर आहेत, पावसाचे इंच आहेत, कापसाच्या गाठी आहेत. त्यात ती वेचणारी बाई नाही, तिच्या लेकरांना पुढच्या वर्षी कुणी सांभाळलं ते नाही.

या वेळी ते टाळता येण्यासारखं आहे. पोडावर चालत गेलेली आशा सेविका अजून कामावर आहे. संपात उभा राहिलेला वाहक आज गाडीवर आहे. खरेदी केंद्राच्या रांगेत रात्र काढलेला कास्तकार घरी आहे. पांढरकवड्याच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी यंदाच्या मुलांना एवढंच काम द्यावं: प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला २०२० ते २०२३ या वर्षांबद्दल विचारावं, तारखांसह लिहून घ्यावं, कोलामी-गोंडी बोलणाऱ्यांचं त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रण करावं, आणि ते गावाच्या वाचनालयात ठेवावं. जिल्हा परिषदेची निवडणूक होईल तेव्हा मत मागायला येणाऱ्यासमोर ठेवायलाही तो कागद उपयोगी पडेल.